आधी गोळ्यांचं विचारा

माझी गुरुबहीण माझ्यासारखीच ट्रान्स बाई. तिचा डावा पाय अचानक सुजला. पोटरी टणक झालेली, बोट लावलं तरी कळ जायची. आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. केस पेपरवर आधारवरचं जुनं, पुरुषाचं नाव पडलं आणि तेच मोठ्यानं पुकारलं गेलं. साडी नेसलेली ती उठली, तसा अख्खा बाक वळून बघायला लागला. मग बायकांचा वॉर्ड की पुरुषांचा, यावर खल. एचआयव्हीची तपासणी लिहून झाली. पाय दाखवायला आलेल्या बाईला कपडे उतरवायला लावले, वर इंटर्न मुलांना बघायला बोलावलं. शेवटी दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. दुसऱ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "ताई, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" छाती भरावी म्हणून ती मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून रोज दोन-तीन घ्यायची. डॉप्लर सोनोग्राफी केली. शिरेत रक्ताची गुठळी होती. ती वाचली, पण थोडक्यात.

आता नर्सिंगच्या मुलींसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी हेच सांगते. आमची कीव करू नका, आम्हाला नीट तपासा. या गोळ्यांत बहुधा इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. त्यानं गुठळीचा धोका वाढतो, म्हणून जाणकार डॉक्टर हार्मोनच्या उपचारात ते टाळतात आणि इस्ट्रॅडिऑल देतात. आमच्यातल्या कित्येकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून गोळी कुठली, किती, कुठून आणली, हे शांतपणे विचारा. ओरडलात तर पुढच्या वेळी ती लपवेल.

दुसरं सांगणं असं, की जे अवयव शरीरात आहेत, त्यांची काळजी घ्यायची. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेत प्रोस्टेट ग्रंथी सहसा काढत नाहीत, त्यामुळे वय झाल्यावर तिचा त्रास ट्रान्स बाईलाही होऊ शकतो. ट्रान्स पुरुषाला गर्भाशयाचं तोंड असेल, तर त्याच्या कर्करोगाची तपासणीही हवी. टेस्टोस्टेरॉननं पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात. दाढीवाला माणूस स्त्रीरोगाच्या ओपीडीत बसलेला दिसला, की मावशी त्याला बाहेर काढतात. हे मी स्वतः पाहिलंय, आणि तो मुलगा पुन्हा तिकडे फिरकला नाही.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 15 मध्ये डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा, असं स्पष्ट लिहिलंय. तरी 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलैंगिक संबंध अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत आले. आरडाओरडा झाला, तेव्हा सप्टेंबरमध्ये तो मागे घेतला. वाचून मला संताप आला. पुस्तकात असं छापलं, तर वॉर्डात वेगळं काय होणार?

प्रशिक्षण देणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. फक्त डॉक्टरांना बसवू नका. दारावरचा गार्ड, केस पेपरची खिडकी, एक्स-रेवाला, मावशी, सगळ्यांना बोलवा. कुठल्या नावानं हाक मारू, कुठल्या वॉर्डात बरं वाटेल, हे त्यांच्याकडून तिथेच मोठ्यानं म्हणवून घ्या, म्हणजे जीभ अडखळत नाही. आमच्यातलं कुणीतरी शिकवायला असू द्या आणि त्याला मानधन द्या. इंटर्न दरवर्षी नवे येतात, सिस्टरांच्या बदल्या होतात, गार्ड कंत्राटी असतात. त्यामुळे हा वर्ग दर सहा महिन्यांनी, तोही ड्यूटीच्या वेळेतच ठेवा. सुट्टीच्या दिवशी ठेवलात, तर खुर्च्या रिकाम्या राहतात.