'आमचे' कोणते, 'त्यांचे' कोणते?

प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. दोन दिवस खपून लिहिलेल्या ओळी फाइलीतून नाहीशा झाल्या होत्या. "सर, मॅन्युअलात दिलंय तसंच केलं हो!" ती म्हणाली. पाहतो तो तिचे म्हणणे खरेच होते.

ती गिट वापरत होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ही प्रणाली प्रोग्रॅमच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवते. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली की गिट थांबते. कोणाची ठेवायची ते आपण सांगायचे. त्यासाठी शब्द दोन, 'अवर्स' आणि 'देअर्स'. दुसऱ्याची ब्रँच आपल्या ब्रँचमध्ये 'मर्ज' करताना अवर्स म्हणजे आपली ब्रँच. इथवर सरळ आहे. 'रिबेस' करताना मात्र गिट आधी समोरच्याच्या ब्रँचवर जाऊन उभे राहते आणि आपला एकेक बदल पाहुण्यासारखा आत घेते. घर आता त्यांचे! म्हणून अवर्स म्हणजे ते, आणि देअर्स म्हणजे आपण. मुलीने मर्जचे पान वाचले होते. रिबेस करताना तिने विश्वासाने 'अवर्स' निवडले आणि आपल्याच हाताने आपल्या ओळी पुसल्या.

रिबेसच्या पानावर बाजू उलटतात असे लिहिलेले आहे, नाही असे नाही. पण ते पर्यायांच्या गर्दीत. माझ्या मते खरी अडचण सर्वनामाची आहे. बोलणारा कोण हे ठाऊक नसेल तर सर्वनाम मुके. (मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांवरून ऐकणारा धरला की वगळला ते कळते, कन्नडमधल्या 'नावु'त तेही संदर्भावरून घ्यावे लागते, हे कन्नड विभागातील मित्र सांगतील.)

वर्गात मी ते वाक्य नव्याने लिहायला दिले. उत्तम उत्तरात सर्वनामच नव्हते: 'रिबेस करताना अवर्स म्हणजे ज्या ब्रँचवर बदल रचायचे ती, देअर्स म्हणजे रचले जाणारे बदल.'

कधी कधी वाक्य सुधारून भागत नाही, आज्ञाच बदलावी लागते. 'चेकआउट' ब्रँचही बदलते आणि फाइलही पूर्ववत करते. नवशिक्यांची त्यात फार फसगत होई. २०१९ साली 'स्विच' आणि 'रिस्टोअर' या दोन वेगळ्या आज्ञा आल्या. जुनी अजून आहेच.

मुलीच्या ओळी सापडल्या. कमिट केलेले काम रिबेसने लगेच नष्ट होत नाही. 'रिफ्लॉग'मध्ये त्याचा माग राहतो. संध्याकाळी सहाला प्रकल्प पुन्हा उभा होता.