लेकीच्या नावाचा निरोप

पिझ्झ्याचं पीठ फुगवायला तुमच्या घरी यीस्ट वापरतात ना? त्याची एक पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. या पेशीला एक कळी फुटते. कळी मोठी होते आणि आईपासून वेगळी होते. ही लेक-पेशी. या पद्धतीला कलिकायन म्हणतात.

यीस्टच्या पेशी दोन प्रकारच्या असतात, ‘ए’ आणि ‘अल्फा’. काही यीस्टमध्ये आई-पेशी आपला प्रकार बदलू शकते, पण नुकतीच जन्मलेली लेक बदलू शकत नाही. दोघींचा डीएनए तर सारखाच! मग फरक कुठून आला?

उत्तर १९९७ साली मिळालं. डीएनए केंद्रकातच राहतो. बाहेर जाते ती त्याच्या एका भागाची नक्कल, म्हणजे एम-आरएनए. हा एक निरोपच समजा. निरोप वाचून पेशी प्रथिन बनवते. ‘ॲश-१’ नावाचा निरोप लेकीकडे पोचतो. त्यातून बनलेलं प्रथिन लेकीचं ‘एचओ’ हे जनुक बंद ठेवतं. एचओ बंद, की प्रकार बदलणंही बंद.

पण निरोपाला रस्ता कोण दाखवतं? त्याची तयारी केंद्रकातच सुरू होते. नक्कल बनते, तिच्या एका टोकाला टोपी बसते, दुसऱ्या टोकाला शेपूट लागतं. तिच्यावर चार ठिकाणी पत्त्याच्या खुणा असतात. शास्त्रज्ञ त्यांना चक्क ‘झिपकोड’ म्हणतात! ‘शी-२’ हे प्रथिन या खुणा ओळखून तिला चिकटतं. मग केंद्रकाच्या छिद्रातून सगळे बाहेर. तिथे ‘शी-३’ तिला ‘मायो-४’ या मोटर-प्रथिनाशी जोडतं, आणि मायो-४ ॲक्टिनच्या धाग्यावरून चालत तिला कळीच्या टोकाला नेतं. १९९८ साली शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीत हा प्रवास चमकत्या ठिपक्यांसारखा पाहिला.

मी दिवसभर कंप्युटरवर फायली इकडून तिकडे पाठवतो. मला विचाराल तर पत्ता लिहिणं सोपं, फाइल वाटेत कुणी उघडू नये हे बघणं अवघड. यीस्टमध्ये ते काम ‘पफ-६’ करतं. तेही केंद्रकातच निरोपाला चिकटतं आणि वाटेत तो वाचू देत नाही. शास्त्रज्ञांनी शी-२ला केंद्रकात शिरू दिलं नाही, तेव्हा पफ-६ नीट चिकटेना. निरोप वेळेआधीच वाचला जाऊ लागला.

सांगा पाहू:
१. पफ-६ नसेल, तर आई-पेशीत काय होऊ शकेल?
२. ‘निरोप देणे’ आणि ‘निरोप घेणे’ यांच्या अर्थांत काय फरक आहे? आजीला विचारा.