शिपाई घरी गेल्यावर

शाळेच्या कचेरीत कागदपत्रांचे एक कपाट आहे आणि त्यापुढे शिपाई बसला आहे, अशी कल्पना करा. यादीत नाव असेल त्यालाच तो कागद काढून देतो. पण कपाटाला कुलूपच नसेल, तर शिपाई घरी गेल्यावर त्या यादीचा काय उपयोग?

संगणकातील फायलींची गोष्ट अशीच आहे. १९९३ साली ‘विंडोज एनटी’बरोबर ‘एनटीएफएस’ ही फाइल-व्यवस्था आली. फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, याची नोंद तीत डिस्कवरच केलेली असते. पण ती नोंद पाळतो कोण? डिस्क नव्हे, तर त्या वेळी चालू असलेली कार्यप्रणाली. डिस्कला फक्त ‘अमुक क्रमांकाचा भाग दे’ एवढेच कळते. मागणारा कोण, हे ती विचारत नाही.

१९९६ साली मार्क रसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी ‘एनटीएफएसडॉस’ हा प्रोग्रॅम तयार केला. फ्लॉपीवरून डॉस सुरू करून त्याच्या साहाय्याने एनटीएफएस डिस्क वाचता येई. विंडोज एनटी, म्हणजे आपला शिपाई, त्या वेळी चालूच नसे. त्यामुळे पासवर्ड न फोडताही फायली खुल्या होत! हेच काम आज पेन ड्राइव्हवरील दुसऱ्या कार्यप्रणालीने होऊ शकते. चोरीला गेलेल्या संगणकाची खरी काळजी ही आहे.

मग उपाय काय? कपाटालाच कुलूप लावणे, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात साठवणे. ‘विंडोज २०००’मध्ये निवडक फायलींसाठी ही सोय आली, पुढे ‘व्हिस्टा’च्या काही आवृत्त्यांत ‘बिटलॉकर’मुळे डिस्कचा पूर्ण विभागच असा साठवता येऊ लागला. किल्ली नसेल, तर हाती लागते ती केवळ निरर्थक अंकांची रास.

तरीही एक फट उरते. काम चालू असताना किल्ली संगणकाच्या स्मृतीत (रॅममध्ये) असते. वीज गेली की स्मृती लगेच पुसली जाते, असा सर्वसाधारण समज होता. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅम उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली. वीज तोडल्यावर १० मिनिटांनीही तिच्यातील १ टक्क्याहून कमी नोंदी बिघडल्या होत्या! किल्ली शोधून काढणे शक्य झाले. म्हणून महत्त्वाचा संगणक सोडून जाताना तो पूर्ण बंद करावा. नुसता झोपवू नये. किल्लीची प्रतही जपून ठेवावी. ती हरवली तर मालकालाही आपल्या फायली मिळत नाहीत.

आता विचार करा : संगणक सुरू करतानाचा पासवर्ड आणि सांकेतिक मजकुराची किल्ली, यांपैकी शिपाई कोणता आणि कुलूप कोणते?