लेकीच्या ताकदीला घाबरू नका

आईबाबांनो, लेक वयात येऊ लागली की तिच्या शरीरावरून घरात बोलणं सुरू होतं. ‘किती आडवी होत चाललीस’, ‘उन्हात रापशील’, ‘पोरीच्या जातीला एवढे रुंद खांदे बरे दिसत नाहीत’. आपण काळजीपोटीच बोलतो, पण मुलगी ते मनाला लावून घेते. म्हणून आज इलोना माहेरबद्दल सांगते.

इलोना अमेरिकेची रग्बीपटू. जन्म १९९६चा, व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनचा. वडील रग्बी खेळलेले, आई परिचारिका. हॉकी, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल खेळत ती वाढली आणि सतराव्या वर्षी रग्बीकडे वळली. विद्यापीठाच्या संघातून खेळतानाच तिने नर्सिंगची पदवी घेतली. २०१८मध्ये राष्ट्रीय संघात आली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पदक हुकलं. २०२४ला पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाला १४-१२ असं हरवून अमेरिकेने कांस्यपदक मिळवलं, त्या संघात ती होती.

ऑलिम्पिकमधला रग्बीचा हा प्रकार सात जणींचा. सात-सात मिनिटांची दोन सत्रं, पण मैदान पंधरा जणींच्या रग्बीएवढंच मोठं. चेंडू घेऊन सुसाट येणारीला कवेत धरून खाली पाडायचं आणि लगेच उठून पुन्हा धावायचं. आपण ज्या खांद्यांना नावं ठेवतो, ते इथे कामी येतात.

तरीही तिला वजनावरून टोमणे ऐकावे लागले. तिने उघडपणे उत्तर दिलं: उंची ५ फूट १० इंच, वजन सुमारे ९० किलो, बीएमआय ३०च्या घरात; पण त्यातलं ७७ किलोच्या आसपास वजन चरबीचं नाहीच. बीएमआय फक्त उंची आणि वजन पाहतो; स्नायू किती, चरबी किती, हे त्याला कळत नाही. शाळेत असताना तपासणीच्या कागदावरचा ‘जादा वजन’ हा शेरा पाहून आपल्याला लाज वाटली होती, हेही तिने सांगितलं. पुढे ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या मुलीला एका शेऱ्याने एवढं खजील केलं, तर आपल्या रोजच्या शेऱ्यांनी लेकीचं काय होत असेल?

हे सगळं दूरदेशीचं मानू नका. पुण्याच्या वाहबिझ भरुचाने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं, आणि ती फिजिओथेरपिस्टही आहे. २०१९मध्ये भारतीय मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत सिंगापूरला २१-१९ असं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला.

दुखापतीची भीती रास्त आहे. म्हणून प्रशिक्षकांना बेधडक विचारा: खाली कसं पडायचं हे आधी शिकवता का? डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलीला लगेच बाहेर काढता का? लहानग्यांसाठी टॅग रग्बी आहे. त्यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते.

लेकीला रग्बीच खेळवा, असं माझं म्हणणं नाही. ती कुस्ती खेळेल, कबड्डी खेळेल, नाहीतर नुसती पळेल. तिच्या शरीराबद्दल बोलायचंच असेल, तर आज किती धावलीस, काय नवीन जमलं, हे विचारा. आणि मैदानावरून भुकेली आली, की पोळी वाढताना हात आखडू नका.