पटावर नाव आहे, पण शिकणं?

या महिन्याच्या बैठकीत बचत-कर्जाचं लिहून झालं की पंधरा मिनिटं काढा आणि हा पाठ एकीने मोठ्याने वाचा.

मांडवीपासून आतल्या वाड्यांपर्यंत गटांत विचारलं, "कुणाचं मूल शाळेबाहेर आहे का?" तर उत्तर येतं, "नाय गो, सगळ्यांची नावं घातलेली हायत." खरंच असतात. पण एखादं मूल ऐकू येत नाही म्हणून शेवटच्या बाकावर बसून असतं, एखादी मुलगी चालता येत नाही म्हणून परीक्षेपुरती जाते. हजेरी भरते, वही कोरी राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वाचं कारण सांगून प्रवेश नाकारता येत नाही. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, हेही आपण ठरवायचं. आपल्या जिल्ह्यात मंडणगडजवळ घराडीला अंध मुलांसाठी स्नेहज्योती ही निवासी शाळा आहे. पण लहान मूल लांब ठेवायला आईचं मन धजत नाही, ते मला समजतं. म्हणून गावातल्या शाळेतच काय मिळतं ते आधी बघू.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, "आमच्या शाळेला विशेष शिक्षक कोण? कधी येतात?" नाव आणि फोन वहीत लिहून घ्या. समग्र शिक्षा योजनेतून श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेल पुस्तकं, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता गरजेप्रमाणे मिळू शकतो. दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये, वर्षातले 10 महिने, प्रोत्साहन भत्ता आहे. रक्कम मोठी नाही, पण ती मुलीच्या नावाने येते.

मूल अजिबात बाहेर पडू शकत नसेल तर घरी येऊन शिकवायची सोय आहे. "घरीच ठेवा, नाव आहे पटावर," असं कुणी सांगितलं तर ते घरचं शिक्षण नव्हे. शिक्षक घरी आले पाहिजेत आणि ते गेल्यावर काय करून घ्यायचं हे आईला दाखवलं पाहिजे.

आता दाखल्याचं. "दाखला काढला तर पोरीवर शिक्का बसेल, लग्नाला अडेल," असं एका ताईंनी मला सांगितलं. भीती खोटी नाही. पण तो दाखला गावाला दाखवायचा नसतो. तो नसेल तर बरेच लाभ अडकतात. ई-सेवा केंद्रातून स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग रुग्णालयात तपासणी. कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात ते आधी विचारा, नाहीतर भाडं फुकट जातं. घरचा माणूस बोटीवर असेल तर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाणं सोयीचं.

आणखी एक मूल आपल्या नजरेतून सुटतं. हातपाय धड, बोलणं चुरचुरीत, पण वाचताना अक्षरं उलटसुलट होतात. त्याला आपण 'ढ' म्हणतो, चार फटके देतो. 'तारे जमीं पर' बघितलाय ना? ईशानचं तेच होतं. याला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि तीही त्या 21 प्रकारांत आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. गरज असेल तर लेखनिकही मिळतो. अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीच्या दिवाळीत धावपळ करण्यापेक्षा आठवीतच विशेष शिक्षकांना तपासणीबद्दल विचारा.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत एकट्या आईने हे विचारलं तर "बघू" म्हणतात. गटातल्या दहाजणी उभ्या राहिल्या की हिशोब काढावा लागतो.

बैठकीत एवढं करा: आपल्या वाडीतल्या अशा मुलांची इयत्ता, दाखला आहे का, विशेष शिक्षक शेवटचे कधी आले, हे वहीच्या मागच्या पानावर लिहा. आईला विचारूनच लिहा. पुढच्या महिन्यात मी ते पान बघायला येणार आहे.