सीताफळाकडून उंदराकडे

प्रश्न : सीताफळावर अभ्यास केलेल्या पुण्याच्या एक बाई पुढे कॅन्सरच्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या, असं ऐकलं. खरं का? आणि कॅन्सर घराण्यात उतरतो म्हणतात, त्यावर त्यांनी काय शोधलं?
– एक वाचक, पाथरी (जि. परभणी)

उत्तर : खरं आहे. त्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीनं यातलं काहीच केलं नाही. नवरा गणितातला निवडला आणि एम.एस्सी.ला विषय घेतला सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांचा. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं न्याहाळायची सवय लागली, की झाडाची पेशी काय आणि प्राण्याची काय! लग्नानंतर मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी काम केलं आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्याची प्रयोगशाळा उभी केली.

आता घराण्याचं. उंदरांच्या काही वाणांत पिढ्यान्‌पिढ्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर व्हायचा. कुणीही म्हणेल, रक्तातच आहे. पण अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं, की अशी पिल्लं जन्मताच निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर त्यांच्यातलं कॅन्सरचं प्रमाण एकदम घटतं. दोष येत होता दुधातून! तो विषाणू होता, हे पुढे कळलं. रणदिवेबाईंचं मुख्य काम याच वाटेवरचं : आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तिघं मिळून गाठ कशी उठवतात, ते त्यांनी उंदरांवर तपासलं. (हे दूध उंदरांचं, बरं का. बाळाला अंगावर पाजल्यानं आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका उलट कमी होतो.)

माणसांत साधारण ५ ते १० टक्के स्तनाचे कॅन्सर थेट वारशानं आलेल्या जनुकदोषामुळे होतात. म्हणून एका आत्याला झाला की घरातल्या सगळ्या पोरींनी धसका घ्यायचं कारण नाही. मात्र दोघी-तिघींना, त्यातही तरुणपणी झाला असेल, तर टाटा रुग्णालयात जनुकीय सल्ला मिळतो. तो जरूर घ्यावा.

रणदिवेबाईंचं आणखी एक काम आपल्याकडे जास्त लागू पडतं, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. १९७६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूचे अर्क हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालाच्या पिशवीत लावून कॅन्सरच्या दृष्टीनं तपासले. नुसत्या सुपारीच्या अर्कानंही गाठी आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं.