आईंना घेऊन महोत्सवाला

भोपाळमध्ये थंडी ओसरायच्या आतच कलांचा हंगाम सुरू होतो. २६ जानेवारीला रवींद्र भवनाच्या आवारात ‘लोकरंग’ भरतो, १३ फेब्रुवारीला भारत भवनाचा वर्धापनदिन येतो आणि त्यामागोमाग खजुराहोचा नृत्यमहोत्सव. जवाहर चौकात राहणाऱ्याला यातले पहिले दोन हाताशी आहेत. रोशनपुऱ्यावरून बाणगंगेमार्गे पॉलिटेक्निक चौराहा गाठला की रवींद्र भवन आलं, आणि तिथून श्यामला हिल्स चढलं की भारत भवन. तरीही आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली सत्तरी ओलांडलेली माणसं या दिवसांत टीव्हीसमोरच बसलेली दिसतात. त्यांची हौस संपलेली नसते. त्यांना पायऱ्यांची, गारठ्याची, अंधाराची आणि स्वच्छतागृहाची धास्ती असते, आणि ती बोलून दाखवायला संकोच वाटतो.

माझ्या सासूबाई सांगलीच्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावच्या. नाटकाची तिसरी घंटा ऐकली की आजही त्या ताठ होऊन बसतात. एका फेब्रुवारीत शहरातल्या एका सभागृहात आम्ही दोघी कथक पाहायला गेलो होतो. तराणा संपला, टाळ्या सुरू झाल्या. उजेड होता तो फक्त मंचावर. आमच्या रांगेतल्या एका कुटुंबाला बाहेर पडायचं होतं, म्हणून आई उठून मधल्या वाटेत सरकल्या. तिथल्या पायरीच्या कडेला ना पांढरी पट्टी होती, ना दिवा. त्या पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. घरात सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं, “आता आईंना कुठं न्यायचं नाही.” आई काही बोलल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. जिनं आयुष्यभर नाटकं पाहिली, तिला एका पायरीपायी नाटक बंद करणं हा मला अन्याय वाटला. अजूनही वाटतो.

वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान राहते आणि अंधाराला सरावायला नजरेला जास्त वेळ लागतो. झगझगीत मंचाकडे तासभर पाहिल्यावर पायाजवळचं काही दिसत नाही. त्यात बराच वेळ बसून एकदम उठलं की रक्तदाब खाली येऊन भोवळ येऊ शकते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ही शक्यता आणखी वाढते. म्हणून आता आमचा नियम पक्का आहे. टाळ्या कितीही वाजोत, प्रेक्षागृहातले दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. कुणाला रांगेतून जायचं असेल तर बसल्या बसल्या गुडघे एका बाजूला घ्यायचे. दिवे लागल्यावर आधी बसूनच पाय हलवायचे, मग खुर्चीचा दांडा धरून उभं राहायचं, आणि वाट मोकळी झाल्यावर निघायचं. अर्ध्यातून उठावंच लागलं तर छोटी बॅटरी जवळ असावी आणि तिचा झोत फक्त पायांपुढे पडावा. मोबाइलचा दिवा लावून हात उंचावला की मागच्या दहा माणसांचा आणि मंचावरच्या कलावंताचाही रसभंग होतो.

महाराष्ट्रातून आलेल्या प्रेक्षकाला इथली एक गोष्ट माहीत नसते. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाला तिकिटावर खुर्चीचा क्रमांक असतो, त्यामुळे पाच मिनिटं आधी पोचलं तरी भागतं. भोपाळमधल्या बहुतेक सरकारी महोत्सवांना प्रवेश मोफत असतो. पुढच्या रांगा निमंत्रितांना, बाकी जागा येईल त्याला. म्हणजे चांगल्या जागेसाठी लवकर जायचं, मग दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं असं सगळं पार पडेपर्यंत थांबायचं. त्यात हिंदी नाटकाला बहुतेक वेळा मध्यंतरच नसतं. सव्वा-दीड तासाचा प्रयोग सलग चालतो. मध्यंतराच्या हिशोबानं चहा पिऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाची यात फार कुचंबणा होते, आणि पाणीच न पिता येणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे. पोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह कुठं आहे आणि वाटेत किती पायऱ्या आहेत ते सोबतच्या माणसानं पाहून यावं, भाषणं चालू असतानाच आईवडिलांना तिथं नेऊन आणावं. दारावरच्या स्वयंसेवकाला आल्या आल्या सांगावं, “इनको सीढ़ियाँ मुश्किल हैं, किनारे की कुर्सी चाहिए.” प्रयोग सुरू होण्याआधी सांगितलं तर माणसं मनापासून मदत करतात. प्रयोग सुरू झाल्यावर त्यांच्याही हातात काही उरत नाही.

भारत भवनासाठी वेगळी तयारी लागते. चार्ल्स कोरिया यांनी ही वास्तू टेकडीच्या उतारात बसवली आहे; १९८२ साली इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. रस्त्यावरून ती फारशी दिसतही नाही. आत शिरलं की एकेक अंगण उतरत तळ्याच्या दिशेनं जायचं. मला ती फार प्रिय आहे, पण उतरताना सोपं वाटलेलं अंतर रात्री परतताना सगळं चढावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला एकदा दुपारी, उजेडात, तिथं नेऊन आणावं म्हणजे त्याचा त्यालाच अंदाज येतो. ‘अंतरंग’ हे बंदिस्त नाट्यगृह आहे, तर ‘बहिरंग’ उघड्यावर, तळ्याच्या काठी. फेब्रुवारीत तळ्यावरून येणारा वारा हाडांत शिरतो आणि बसायला पाठ नसलेल्या पायऱ्या. तिथला कार्यक्रम असेल तर कानटोपी, शाल, बसायला जाड घडी हे सगळं हवंच. आईंना मी अंतरंगचेच प्रयोग सुचवते. खजुराहोला तर मंदिरांच्या पार्श्वभूमीवर उघड्यावरच नृत्य असतं. तिथं जायचं तर मुक्काम करूनच जावं, प्रवासाच्याच दिवशी रात्री थंडीत बसवू नये.

लोकरंगात गारठ्याइतकाच आवाजाचा विचार करावा लागतो. डिंडोरीकडच्या गोंड कलावंतांचा गुदुम बाजा सुरू झाला की छातीत घुमतो. कानाला यंत्र लावणाऱ्यानं ध्वनिक्षेपकाच्या जवळ बसू नये, आणि यंत्राचा आवाज आधीच कमी करून ठेवावा. नाहीतर माणूस वैतागून यंत्रच काढून ठेवतो आणि निवेदनातलं काहीच कळत नाही.

नाटकाची गोष्ट घरून निघण्याआधी सांगावी. हबीब तन्वीरांचं ‘चरणदास चोर’ छत्तीसगढी बोलीत आहे; ऐकायला कमी येणाऱ्या मराठी माणसाला त्यातले निम्मे शब्द सुटतात. पण चोरानं गुरूला खरं बोलण्याचं वचन दिलंय आणि त्यातूनच सगळं घडत जातं, एवढं ठाऊक असलं तरी नटांच्या हालचालींवरून नाटक उलगडतं. नृत्याला सांगायची गोष्ट नसली तर जागा नीट निवडावी. मंच उंच असेल तर पहिल्या रांगेतून पावलं दिसत नाहीत आणि मानही अवघडते. उद्घाटन आटोपून पाहुणे गेले की पुढच्या खुर्च्या मोकळ्या होतात, तिकडं धावण्याचा मोह टाळावा. आम्ही मधल्या वाटेलगतची, सपाटीवरची, पाचव्या-सहाव्या रांगेतली खुर्ची शोधतो. परवा तिथूनच आई कथकची तत्कार पाहत होत्या, बऱ्या झालेल्या हातानं मांडीवर तीनताल धरून.